प्रभाग, शेजार आणि वस्ती : जनगणनेच्या लघुक्षेत्रीय आकडेवारीचे परीक्षण

शहराच्या एका भागात कोण राहतात व दुसऱ्या भागात कोण, हे भाग परस्परांपासून कितपत भिन्न आहेत, आणि ही भिन्नता वाढत आहे की ओसरत आहे, या प्रश्नांचा विचार करणाऱ्यास जनगणनेवाचून दुसरा व्यापक आधार उपलब्ध नाही. नमुना-पाहणीने संबंध शहराचे चित्र मिळते. एखाद्या आळीविषयी काही सांगता येईल इतकी घरे तिच्या नमुन्यात येत नाहीत. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने १९३६-३७ साली केलेली पुण्याची आर्थिक-सामाजिक पाहणी ही आपल्याकडील या प्रकारच्या कार्याचा आरंभ होय, आणि तिचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु एखाद्या पेठेतील चार बोळांची आपसांत तुलना करावयाची झाल्यास तिचा उपयोग होणार नाही. हे काम दर घराची नोंद घेणाऱ्या शिरगणतीचेच आहे. यास्तव गेल्या दोन दशकांत भारतीय नगरांविषयी जे अभ्यास झाले, त्यांत जनगणनेची प्रभागवार आकडेवारी नकाशावर मांडून वस्त्यांची तुलना करण्याची पद्धती रूढ झाली आहे. या पद्धतीने काय सिद्ध होते आणि काय सिद्ध झाल्याचा केवळ भास होतो, याचे परीक्षण येथे अभिप्रेत आहे.

परीक्षणाच्या सोयीसाठी दोन निबंध समोर ठेवणे इष्ट होईल. पहिला ट्रीना विठयत्तिल व गायत्री सिंग यांचा, २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झालेला. २००१ च्या जनगणनेतील प्रभागवार आकडे घेऊन देशातील सात मोठ्या महानगरांत जातीनुसार व आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार निवासाची विभागणी किती आहे, हे त्यांनी मोजले, आणि जातीनुसार होणारी विभागणी स्थितीनुसार होणाऱ्या विभागणीहून अधिक आहे असा निष्कर्ष काढला. शहरात आल्यावर जात विरघळते, या जुन्या समजुतीस या निबंधाने आकड्यांच्या आधारे आव्हान दिले, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. दुसरा निबंध नवीन भारती, दीपक मळगण व अंदलीब रहमान यांचा, २०१८ सालचा. त्यांनी प्रभागाच्या खाली उतरून २०११ च्या जनगणनेतील प्रगणक गटांचे आकडे बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, कोलकाता व मुंबई या पाच शहरांसाठी वापरले, आणि प्रभाग हा शहरी वस्तीचा प्रतिनिधी मानता येत नाही असे दाखविले. त्यांच्या मते सामान्यतः प्रभागाच्या पोटातील गटांमध्ये जितकी भिन्नता आढळते, तितकी प्रभाग व शहर यांच्यामध्येही आढळत नाही. पहिल्या निबंधाची भिंत दुसऱ्याने पाडली असे नव्हे. ती ज्या पायावर उभी आहे तो किती उथळ आहे, हे त्याने उघड केले.

प्रभागाविषयीचा हा आक्षेप समजण्यास मुंबई महानगरपालिकेचा जी-उत्तर हा एकच विभाग पुरेसा आहे. दादर, माहीम व धारावी ही तिन्ही स्थळे या विभागात मोडतात. २०११ साली त्याची लोकसंख्या सहा लाखांच्या घरात होती. म्हणजे त्याच वर्षी साडेपाच लाखांच्या आत असलेल्या कोल्हापूर शहराहून तो मोठा. विभागवार आकड्यांवरून साक्षरतेचा अगर पाणीपुरवठ्याचा नकाशा रंगविला, तर शिवाजी पार्कच्या सभोवारच्या इमारतींना आणि धारावीतील झोपड्यांना एकच छटा मिळते, व ती छटा दोहोंपैकी कोणाचेच वर्णन करीत नाही. एम-पूर्व विभागाचीही हीच गत आहे; त्यात गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांबरोबर अणुशक्तीनगराची नियोजित वसाहतही येते. बृहन्मुंबईच्या १,२४,४२,३७३ लोकसंख्येस चोवीस विभागांनी भागले असता दर विभागास सरासरी पाच लाखांहून अधिक माणसे येतात. दोनशे सत्तावीस निवडणूक प्रभागांनी भागले तरी दर प्रभागास सुमारे पंचावन्न हजार. एवढ्या जनसमूहास वस्ती म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही कठीण आहे.

येथे शब्दांचा थोडा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही, कारण या अभ्यासांतील पुष्कळसा घोटाळा शब्दांतूनच उद्भवतो. इंग्रजीत ज्या एका शब्दाने काम भागते, त्यासाठी मराठीत दोन स्वतंत्र कल्पना आहेत : शेजार आणि वस्ती. शेजार हा सापेक्ष शब्द आहे. प्रत्येक घराचा शेजार निराळा असतो, तो त्या घरापासून मोजावयाचा असतो, आणि दोन लगतच्या घरांचे शेजार एकमेकांवर चढलेले असले तरी एकच नसतात. शेजाराची हद्द आखता येत नाही. वस्ती मात्र निरपेक्ष आहे. तिला नाव असते, तेथील रहिवासी ते नाव उच्चारतात, बाहेरचे लोकही त्या नावाने त्यांस ओळखतात, आणि ती कोठे संपते याविषयी वाद झाला तरी ती संपते याविषयी वाद नसतो. पेठ, आळी, वाडी, पाखाडी, मोहल्ला, कोळीवाडा, गावठाण हे सारे शब्द वस्तीचे प्रकार सांगतात. त्यांतील एकही शेजाराचा पर्याय नाही. आता प्रश्न असा की, जनगणनेचे लघुक्षेत्र या दोहोंपैकी कशाचे माप आहे?

याचे उत्तर लघुक्षेत्र कसे आखले जाते, यात आहे. जनगणनेपूर्वी शहर चार्जांत व चार्ज प्रगणक गटांत विभागला जातो. एका प्रगणकास ठरलेल्या मुदतीत जितकी घरे पाहता येतील तितकी, म्हणजे सुमारे सव्वाशे ते दीडशे कुटुंबे अथवा सहाशे ते आठशे माणसे, एका गटात यावीत असा दंडक असतो. थोडक्यात, प्रगणक गट हे मूलतः एका माणसाच्या श्रमाचे माप आहे. मोठी चाळ असेल तर ती दोन गटांत फुटेल. विरळ बंगल्यांचा भाग असेल तर तीन रस्ते एका गटात येतील. खानेसुमारी व शिरगणती हे दोन जुने शब्द आज पर्यायवाची समजले जातात. वस्तुतः फारसीतील ‘खाना’ म्हणजे घर, आणि पहिल्या शब्दाने घरे मोजली जातात तर दुसऱ्याने डोकी. आधुनिक जनगणनेतही हे दोन टप्पे वेगळेच राहिले आहेत : २०११ च्या जनगणनेची घरयादी २०१० सालीच झाली, आणि माणसांची गणना ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात. गटांची आखणी या दोन्ही कामांच्या सोयीने होते. वस्तीचे नाव किंवा रहिवाशांचे परस्परसंबंध हा तिचा निकष नसतो.

ब्रिटनमध्ये हा क्रम उलटविण्यात आला. २००१ च्या तेथील जनगणनेसाठी गणनेचे गट निराळे व प्रसिद्धीची क्षेत्रे निराळी ठेवली गेली. गणना पूर्ण झाल्यावर डेव्हिड मार्टिन यांच्या पद्धतीनुसार संगणकाच्या साह्याने टपालाच्या लहान विभागांची जुळणी करून, घरांचा प्रकार व मालकी यांत शक्य तितकी एकजिनसी अशी क्षेत्रे तयार केली गेली. किमान चाळीस कुटुंबे व शंभर माणसे ही त्यांची मर्यादा, आणि सव्वाशे कुटुंबे हे उद्दिष्ट. आकाराने ही क्षेत्रे आपल्या प्रगणक गटाच्या जवळपास आहेत. परंतु ती अभ्यासकासाठी आखलेली आहेत, गणना करणाऱ्यासाठी नव्हेत. अर्थात त्यांतही एक दोष शिरतो, तो नजरेआड करू नये : क्षेत्रे एकजिनसी व्हावीत अशा रीतीनेच ती आखली, तर पुढे त्या क्षेत्रांवरून विभागणी मोजताना ती काहीशी अधिकच दिसणार.

भारती व त्यांचे सहकारी प्रगणक गटास वस्ती समजतात. वस्तुतः त्यांनी मोजला तो शेजार होय, आणि तो आजवर कोणी इतक्या बारकाईने मोजला नव्हता. सहाशे-सातशे माणसांच्या टापूत कोण कोणाच्या लगत राहतो, हे त्या आकड्यांवरून कळते. त्या टापूस नाव आहे काय, तो एखाद्या वस्तीचा भाग आहे की दोन वस्त्यांच्या सांध्यावर बसला आहे, हे कळत नाही. धारावीचे उदाहरण येथेही उपयोगी पडेल. कोळीवाडा, कुंभारवाडा, मुकुंदनगर, माटुंगा लेबर कँप ही धारावीच्या आतील नावे आहेत, आणि एका नावाकडून दुसऱ्याकडे जाताना अनेकदा भाषाही बदलते : कोळ्यांची मराठी, सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची गुजराती, दक्षिणेकडून आलेल्या चर्मकारांची तमिळ. या नावांच्या सीमा आणि प्रगणक गटांच्या सीमा जुळतात की नाहीत, हे तपासल्यावाचून गटांतील भिन्नतेस वस्त्यांमधील भिन्नता म्हणता येत नाही.

याखेरीज गणिताची एक अडचण आहे. विभागणी मोजण्यास बहुधा विसदृशता निर्देशांक वापरतात. १९५५ साली ओटिस व बेव्हर्ली डंकन यांच्या निबंधानंतर तो सर्वमान्य झाला. एका समूहातील किती अंश लोकांनी घर बदलले म्हणजे तो समूह सर्व क्षेत्रांत सारख्या प्रमाणात पसरेल, हे तो सांगतो. शून्य म्हणजे पूर्ण मिश्रण, एक म्हणजे पूर्ण पृथक्ता. हा निर्देशांक क्षेत्र जितके लहान तितका फुगतो, आणि त्याचे कारण समाजात नसून योगायोगात असते. समजा, शहरात दर दहा घरांमागे एक घर एका विशिष्ट समूहाचे आहे, आणि प्रत्येक गटात एकशेतीस घरे आहेत. जातीचा लवलेशही विचार न करता नुसत्या चिठ्ठ्या टाकून घरे वाटली, तरी प्रत्येक गटात नेमकी तेरा घरे येणार नाहीत. कोठे नऊ येतील, कोठे सतरा. या निव्वळ योगायोगाने निर्देशांक ०.१२ च्या आसपास भरतो. हाच हिशेब तेरा हजार घरांच्या प्रभागांसाठी केला तर तो ०.०१ च्या जवळ येतो. तात्पर्य, प्रभागावरून गटावर उतरताच निर्देशांक वाढला, या घटनेतील काही भाग सामाजिक आहे व काही केवळ अंकगणिती. समूह जितका अल्पसंख्य तितका अंकगणिती भाग मोठा. पृथक्तेचे प्रमाण जेथे तीव्र आहे तेथे एवढ्याने निष्कर्ष बदलणार नाही. पण दोन शहरांतील किंवा दोन समूहांतील अल्प फरकावर ज्यांना सिद्धांत उभारावयाचा आहे, त्यांनी हा भाग वजा करून मगच पुढे जावे.

क्षेत्राच्या आकाराप्रमाणे निष्कर्ष बदलतो, ही गोष्ट नवीन नाही. अमेरिकेतील डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली १९३० च्या जनगणनेवरून दाखविलेले उदाहरण सुप्रसिद्ध आहे. परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरतेचे प्रमाण यांचा सहसंबंध नऊ मोठ्या विभागांच्या पातळीवर -०.६२ आला, अठ्ठेचाळीस राज्यांच्या पातळीवर -०.५३, आणि व्यक्तींच्या पातळीवर +०.१२. परदेशी लोक अधिक निरक्षर होते, तथापि ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले. म्हणून राज्यांची तुलना व्यक्तींविषयी नेमके उलटे सांगू लागली. पुढे १९७९ साली स्टॅन ओपनशॉ व पीटर टेलर यांनी आयोवा राज्यातील ९९ काउंट्या निरनिराळ्या रीतींनी एकत्र करून, रिपब्लिकन मतदार व वृद्ध लोकसंख्या यांचा सहसंबंध जवळजवळ -१ पासून जवळजवळ +१ पर्यंत कोठेही आणता येतो, हे सिद्ध केले. मूळ आकडे तेच. केवळ कुंपणे हलविली. आपल्याकडे प्रभागवार नकाशे काढून त्यांवरून स्थलांतरित आणि साक्षरता, अथवा झोपडपट्टी आणि मुलींचे प्रमाण, यांचे नाते सांगणारे प्रबंध आजही विद्यापीठांत सादर होतात. त्यांतील कितीकांत ही कुंपणे एकदा तरी हलवून पाहिलेली असतात, याचा परीक्षकांनी शोध घेण्यासारखा आहे.

कुंपणे आपल्याकडे खरोखरच हलतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. महानगरपालिकांच्या निवडणुकांपूर्वी प्रभागरचना पुन्हा होते. पुण्यात २०१७ साली बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे करण्यात आले, आणि पेठांची नावे जोडून प्रभागांस नावे देण्यात आली. पेठ राहिली, तिचे नाव राहिले. तिला वेढणारी रेषा मात्र दुसरीकडे गेली. अशा स्थितीत २००१ च्या प्रभागाची २०११ च्या प्रभागाशी तुलना करणे म्हणजे एकाच नावाच्या दोन भिन्न माणसांची वये ताडून पाहण्यासारखे आहे. आणखी एक वर्तुळ येथे पुरे होते. महाराष्ट्रात प्रभाग रचताना प्रगणक गट शक्यतो फोडावयाचा नाही, गट एकमेकांस जोडून प्रभाग बनवावयाचा, असा संकेत आहे. आणि अनुसूचित जातींसाठीच्या जागा, त्या जातींचे प्रमाण ज्या प्रभागांत अधिक त्यांना उतरत्या क्रमाने दिल्या जातात. प्रगणकाच्या सोयीसाठी ओढलेली रेषा अशा रीतीने प्रतिनिधित्वाची वीट बनते. अभ्यासकाची चूक नियतकालिकात पडून राहते. प्रभागरचनेतील रेषेने एखाद्या दलित वस्तीचे दोन तुकडे केले, तर तिला आपला प्रतिनिधी मिळतो की नाही, हे त्या रेषेवर ठरते.

येथवर क्षेत्राचा विचार झाला. परंतु प्रत्येक गटात जे मोजले जाते, त्या वर्गांचे काय? या बाबतीत दोन्ही निबंध काहीसे घाईने पुढे जातात असे वाटते. अनुसूचित जाती हा वर्ग राज्याच्या यादीनुसार ठरतो. उत्तर प्रदेशातून मुंबईस आलेल्या एखाद्या दलित कुटुंबाची जात महाराष्ट्राच्या यादीत नसेल, तर जनगणनेत ते कुटुंब अनुसूचित जातींत गणले जात नाही. त्याच्या शेजाऱ्यांना त्याची जात ठाऊक असली तरी तक्त्यास ती ठाऊक नसते. ज्या शहरात स्थलांतरितांचा भरणा मोठा, तेथे ही त्रुटी क्षुल्लक म्हणता येणार नाही. दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक निकटचे आहे. १९८१ साली राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१ टक्के होते. १९९१ साली ते ११.१ टक्के झाले. दहा वर्षांत कोणत्याही समाजाची अशी वाढ होत नसते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला, त्याचा हा परिणाम. १९८१ च्या आकड्यांवरून एखाद्या भागात दलित वस्ती अल्प दिसली, तर त्याचा अर्थ तेथे १९५६ च्या धर्मांतराचा प्रभाव मोठा होता, असाही असू शकतो. २०११ सालीही महाराष्ट्रातील सुमारे ६५ लाख बौद्धांपैकी सुमारे ५२ लाखच अनुसूचित जातींत नोंदले गेले. उरलेल्यांपैकी ज्यांनी जातीच्या जागी जुन्या जातीचे नाव सांगितले नाही, त्यांनी प्रगणकाच्या प्रश्नास दिलेले उत्तर हे निव्वळ माहिती नव्हते. ज्या नावाचा त्याग केला ते पुन्हा न उच्चारण्याचा तो निश्चय होता. विसदृशता निर्देशांकास हा निश्चय दिसत नाही. तो त्या घरास बिगर-अनुसूचित म्हणून मोजतो आणि वस्ती थोडी अधिक मिश्र झाल्याचे सांगतो.

जनगणनेतील उत्तर हे एक उच्चारण आहे, आणि कोणत्याही उच्चारणाप्रमाणे ते प्रश्नावर, श्रोत्यावर व प्रसंगावर अवलंबून असते, ही गोष्ट मातृभाषेच्या प्रश्नात सर्वांत स्पष्टपणे दिसते. सूचना अशी आहे की, बालपणी आईने त्या व्यक्तीशी ज्या भाषेत संभाषण केले ती मातृभाषा समजावी. २०११ साली या प्रश्नास मिळालेली कच्ची उत्तरे १९,५६९ होती. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि त्या पुढे १२१ भाषांत गटबद्ध झाल्या. हिंदी या शीर्षकाखाली मोजलेल्या ५२.८३ कोटी लोकांपैकी स्वतः ‘हिंदी’ असे उत्तर देणारे ३२.२२ कोटी आहेत. पाच कोटींहून अधिक भोजपुरी व अडीच कोटींहून अधिक राजस्थानी त्याच शीर्षकाखाली आहेत. मालवणीची वर्गवारी कोकणीखाली होते. गिरणगावात तीन पिढ्या राहिलेल्या सिंधुदुर्गातील एखाद्या कुटुंबाने ‘मराठी’ असे सांगितले तर ते मराठीत जाते, ‘मालवणी’ असे सांगितले तर कोकणीत. घरात बोलली जाणारी वाणी मात्र दोन्ही वेळी तीच. संबंध देशात मालवणी म्हणून नोंदल्या गेलेल्यांची संख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या ८,४९,६५१ लोकसंख्येच्या जवळपासही जात नाही, यावरून बहुसंख्य लोक कोणते उत्तर देतात, ते कळून येते.

हे विवेचन करण्याचे कारण असे की, मुंबईतील मराठी वस्त्यांविषयी जो वाद अधूनमधून पेटतो, तो याच आकड्यांवर लढविला जातो. मुंबई शहर व उपनगर या दोन जिल्ह्यांत मिळून मराठी मातृभाषा सांगणारे २००१ साली ४५.२३ लाख होते, २०११ साली ४४.०४ लाख झाले. हिंदी सांगणारे २५.८८ लाखांवरून ३५.९८ लाखांवर गेले. म्हणजे मराठीचा वाटा सुमारे ३७.८ टक्क्यांवरून ३५.४ टक्क्यांवर आला, आणि हिंदीचा २१.६ वरून २८.९ वर गेला. यावरून एका पक्षाने मराठी माणूस आपल्या वस्तीतून हुसकला गेला असा अर्थ काढावा, आणि दुसऱ्याने ही आकड्यांची किरकोळ घट आहे असे म्हणावे, हे नित्याचे झाले आहे. वस्तुतः या आकड्यांवरून वस्तीविषयी काहीही म्हणता येत नाही, कारण ते जिल्ह्यांचे आकडे आहेत. प्रभागवार प्रसिद्ध होणाऱ्या प्राथमिक गोषवाऱ्यात कुटुंबे, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, अनुसूचित जाती व जमाती, साक्षर आणि कामकरी एवढेच येते. धर्म आणि मातृभाषा त्यात नाहीत. ज्या लक्षणावरून मुंबईकर आपली वस्ती ओळखतो, नेमके तेच लक्षण लघुक्षेत्राच्या तक्त्यात रिकामे आहे.

त्या पोकळीत अनुमाने शिरतात. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरली, उपनगर जिल्ह्याची सुमारे ८ टक्क्यांनी वाढली, आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्याची (पालघर त्यातून २०१४ साली निराळा झाला) ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ वर, म्हणजे ३६ टक्क्यांनी, वाढली. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, चाळींतील कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली, ही प्रक्रिया या आकड्यांच्या मागे आहे. मराठीची घट व हिंदीची वाढ एकाच जिल्ह्यात एकाच काळात झाली, एवढ्यावरून एकाच घरात एकाच्या जागी दुसरा आला असे मानणे म्हणजे रॉबिन्सन यांनी दाखविलेला दोष पुनश्च करणे होय. हिंदीची वाढ ज्या गटांत झाली, ते गट मराठीची घट झालेल्या गटांहून सर्वस्वी भिन्न असू शकतील. असतील किंवा नसतील. प्रसिद्ध आकडे या प्रश्नाविषयी मुके आहेत, आणि मुक्या साक्षीदाराच्या तोंडी आपले म्हणणे घालणे कोणत्याही पक्षास सोपे जाते.

तेव्हा गटवार मातृभाषा प्रसिद्ध करावी काय? प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. १९४८ च्या जनगणना अधिनियमाने व्यक्तीच्या नोंदी गोपनीय ठेवल्या आहेत. कलम १५ प्रमाणे त्या कोणासही पाहता येत नाहीत व पुराव्यात दाखल करता येत नाहीत. सहाशे माणसांच्या गटात एखाद्या भाषेचे चारच बोलणारे असतील, तर त्यांचा आकडा छापणे म्हणजे त्यांचे घर दाखविण्यासारखे आहे; आणि दंगलींचा इतिहास असलेल्या शहरात धर्म वा भाषा यांचा घरोघरी नकाशा कोणाच्या हाती पडेल, याचा विचार अभ्यासकाच्या जिज्ञासेआधी झाला पाहिजे. पण जिल्हा आणि गट यांच्या दरम्यान पुष्कळ पायऱ्या आहेत. दहा-पंधरा गटांच्या, सात-आठ हजार वस्तीच्या क्षेत्रासाठी मुख्य भाषांचे आकडे देण्याने कोणाचे घर उघडे पडत नाही. अशी क्षेत्रे प्रभागांच्या सीमांनी न बांधता नावांनी बांधली, म्हणजे ज्या गटांचे रहिवासी स्वतःस एकाच वस्तीचे समजतात ते गट एकत्र केले, तर नकाशावर प्रथमच वस्ती उमटेल.

हे अशक्य आहे असे म्हणण्याचे कारण नाही. लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांनी १८८९ साली दारिद्र्याचा जो वर्णनात्मक नकाशा प्रसिद्ध केला, त्याचा घटक रस्ता हा होता. शाळा-मंडळाचे निरीक्षक घरोघर जात असत. त्यांच्या माहितीवरून प्रत्येक रस्त्यास काळ्यापासून पिवळ्यापर्यंत सात रंगांपैकी एक रंग देण्यात आला, आणि १८९८-९९ साली बूथ यांच्या साहाय्यकांनी पोलिसांबरोबर पायी फिरून ते रंग पुन्हा तपासले. या पद्धतीत दोष पुष्कळ होते. ‘दुष्ट, अर्धगुन्हेगार’ यांसारखी विशेषणे वर्गाच्या नावातच घालणे हा त्यांतील लहान दोष नव्हे. परंतु त्या नकाशावरील प्रत्येक रंगापाशी एक नाव होते, आणि त्या रस्त्यावर राहणारा मनुष्य नकाशात आपले घर शोधून रंगाविषयी तक्रार करू शकत होता. प्रभाग क्रमांक अमुक याविषयी तशी तक्रार कोण करणार?

नावे गोळा करण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. घरयादीच्या वेळी प्रगणकाने आपल्या गटाचा नजरी नकाशा काढावयाचा असतो. रस्ते, देऊळ, मशीद, शाळा, विहीर अशा ओळखीच्या खुणा त्यात दाखवावयाच्या असतात. शहरभरच्या अशा हजारो नकाशांतून वस्त्यांची नावे व त्यांचा विस्तार, तेथे प्रत्यक्ष फिरलेल्या माणसाच्या हातचा, मिळू शकतो. स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्यांना याहून मोठा साठा आढळणार नाही, आणि लोकसंख्याशास्त्रज्ञांना गट जुळविण्यास याहून विश्वसनीय आधार नाही. २०२१ साली व्हावयाची जनगणना झाली नाही. तिच्या जागी येणाऱ्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जून २०२५ मधील अधिसूचनेने निश्चित झाली, आणि तीत जातींचीही गणना व्हावयाची आहे. जातीचे स्तंभ वाढले म्हणजे प्रश्नास मिळणारी उत्तरेही वाढतील. एका जातीची पाच नावे, एका नावाखाली तीन जाती, हा मातृभाषेच्या बाबतीत परिचित झालेला गुंता तेथे पुन्हा उभा राहील. नजरी नकाशा या वेळी कागदावर निघो वा पडद्यावर, त्यातील नावे तक्त्यापर्यंत पोहोचतात की गटाच्या क्रमांकापाशीच गळून पडतात, हे छाननीचे नियम ठरविणाऱ्या कार्यालयात निश्चित होईल. ते नियम कायम होण्यापूर्वी लोकसंख्येच्या व भाषेच्या अभ्यासकांनी एकत्र बसून या एका बाबतीत तरी आपली मागणी लेखी कळविणे अगत्याचे आहे.